गाडी पाठवतो

गोरेगावच्या बाजारात लालसिंग बिसेनांचं नाव चालायचं, आणि त्या नावावरच त्यांची पतसंस्था चालायची. तरुणपणी त्यांनी आठवडी बाजारात एक टेबल मांडून ती सुरू केली होती. बिडी वळणाऱ्या बायका, भाजीवाल्या, तेंदूपत्ता तोडणारी माणसं बाजार उरकला की टेबलाशी येत आणि पदराच्या, धोतराच्या गाठी सोडत. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं लालसिंगभाऊंच्या डोक्यात असायचं. पुढे संस्थेची दुमजली इमारत झाली. तिच्या कर्जावर तालुक्यात राइस मिल्स उभ्या राहिल्या, नफ्यातून मुलींचं वसतिगृह निघालं. शेवटी आली रुग्णवाहिका, जंगलाकडेच्या टोल्यांसाठी, वाड्यावस्त्यांसाठी. तिच्यावर रंगवलेला फोन नंबर भाऊंचा स्वतःचा होता.

"ऑफिस बंद झाल्यावर फोन कोण उचलते?" ते म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यापासून त्यांना नावं सापडेनाशी झाली. समोरचा माणूस ओळखीचा आहे हे कळायचं, पण नाव म्हणून हात घालावा तर ओंजळ रिकामी. मग ते "का म्हणते घर?" असं मोघम विचारून वेळ निभावायचे. एकदा संस्थेतून घरी निघाले आणि घर मागे टाकून रेल्वे फाटकापर्यंत चालत गेले. मीटिंगचं निमित्त सांगून ते एकटेच नागपूरला गेले. डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हा आजार मागे फिरत नाही. घरच्यांना सांगा, मोठ्या जबाबदाऱ्या सोडा.

भाऊंनी कोणालाच सांगितलं नाही. त्याच साली शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बुडाली होती आणि गोरेगावातले लोक एकमेकांना धीर देत होते, "आपल्या संस्थेत भाऊ बसले आहेत ना!" भाऊंचंच डोकं जागेवर नाही हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती. सप्टेंबरात वार्षिक सभा होती. तोवर रेटू, मग मॅनेजर उमेंद्रच्या हाती सगळं सोपवून बाजूला होऊ, असं त्यांनी ठरवलं. गोळ्या ते टेबलाच्या खणात ठेवायचे.

उमेंद्रला कळलं होतंच. त्यांनी चुकीच्या जागी केलेल्या सह्या तो गुपचूप दुरुस्त करून घ्यायचा. तोही बोलला नाही.

पोळा झाला, धान पोटरीला आलं. एका संध्याकाळी नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या बोडीटोल्यावरून हेमराजचा फोन आला. त्याची बायको प्राची बाळंतपणात अडली होती. सरकारी गाडी दुसरा पेशंट घेऊन गोंदियाला गेलेली होती.

"गाडी पाठवतो," भाऊ म्हणाले. "तू घाबरू नको."

फोन खाली ठेवला. समोर चहा आलेला होता, तो त्यांनी प्यायला. ड्रायव्हर खाली गाडीतच बसून होता. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेमराजचा बाप केवलराम संस्थेत आला. भाऊंनी पहिलं टेबल मांडलं, तेव्हा ते डोक्यावर घेऊन बाजारात आणणारा हाच माणूस. तो खुर्चीवर बसला नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "गाडी बिघडली होती का?"

भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. कोणती गाडी?

"आमी वाट पाहून राहिलो होतो. मोबाईलले रेंज गेली, मंग पोट्ट्यानं ट्रॅक्टरवर नेलं तिले. सून वाचली. लेकरू गेलं." केवलरामचा आवाज सपाट होता. "तुमी पाठवतो म्हणलं तं गाडी येते, मले मालूम आहे. म्हणून इचारतो. बिघडली होती ना?"

दारात उभा असलेला उमेंद्र झटकन पुढे आला. "हो काका. क्लच गेला होता. माझंच भाऊंना सांगायचं राहिलं."

केवलरामनं मान हलवली. त्याला हेच ऐकायचं होतं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

भाऊंनी खिशातून फोन काढला. हेमराजचं नाव तिथे होतं, काल संध्याकाळचं. आपण बोललो होतो. त्यांनी डोकं पिळून पाहिलं. चहा आठवला, कपाचा कान तुटलेला होता तोही आठवला. त्या पोराचा आवाज मात्र काही केल्या आठवेना.

"गाडी चांगली होती, केवलराम," ते म्हणाले. "मीच इसरलो."

"भाऊ!" उमेंद्र म्हणाला.

"मले आजार आहे. इसरायचा. तुझ्या पोराशी बोललो हे आत्ता फोन पाहून समजलं मले."

केवलराम दाराकडे वळला. मग म्हणाला, "मोठ्या लोकाईचं इसरणं," आणि जिना उतरून गेला.

भाऊ सभेत सगळं सांगणार हे कळल्यावर त्या संध्याकाळी उमेंद्र त्यांच्या घरी आला आणि अक्षरशः पायाशी बसला. "सभेत हे बोलू नका, भाऊ. लोक एका दिवसात पैसे मागतील. बिडीवाल्या बायांचे पैसे मिलवाल्यांकडे कर्जात अडकले आहेत, ते एका दिवसात कुठून आणू? त्यांचं का होईल?"

"अन् उद्या दुसऱ्या कोणाचा फोन आला तं?"

भाऊंची बायको रुख्माबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मले तरी सांगायचं होतं जी. मी का परकी होती?"

भाऊंनी त्याच रात्री फोन ड्रायव्हरच्या हवाली केला. सभेत त्यांनी सगळं सांगितलं. बोलता बोलता दोनदा धागा सुटला, तेव्हा मागून कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, "सोंग आहे. पैसा खाल्ला असंल, आता आजार काढून राहिले." राजीनामा देऊन ते खाली उतरले, तेव्हा माणसं अंग चोरून वाट देत होती.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे केवलराम होता. पैसे मोजून न घेताच त्यानं गमछ्यात बांधले आणि कोणाशी न बोलता निघून गेला. उमेंद्रनं मिलवाल्यांचे पाय धरले, वसतिगृहाची जागा विकायला काढली, रुग्णवाहिका विकली. दिवाळीपर्यंत संस्था कशीबशी तगली, पण टोल्यांवर जायला गाडी उरली नाही. कितीतरी वर्षं राबून उभं केलेलं आपल्याच हातानं पाडलं, हे भाऊंना कळत होतं. ज्या दिवशी कळायचं नाही, तो दिवस बरा जायचा.

"मले केवलरामकडे ने," ते रुख्माबाईंना रोज म्हणायचे. "त्याचे पाय धराचे आहेत."

धान कापणी झाल्यावर ती दोघं ऑटोनं बोडीटोल्याला गेली. केवलराम ओसरीत दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. प्राचीनं पाण्याचा गडवा आणून ठेवला. वाळली होती पोरगी.

भाऊ खाटेवर टेकले. घराकडे, अंगणाकडे पाहिलं. कशाला आलो, ते वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं. प्राचीकडे पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला. जुन्या सवयीनं ते मायेनं म्हणाले,

"कशी आहेस बाई? लेकरू झोपलं का?"

रुख्माबाईंनी तोंडाला पदर लावला. प्राची दाराची चौकट धरून उभी राहिली.

केवलरामच्या हातातला दोर थांबला. इतके दिवस त्यानं या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या शिव्यांच्या आधारावरच तो उठत होता, जेवत होता. आता त्यानं भाऊंच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तिथे खोटं नव्हतं, लाज नव्हती, काहीच नव्हतं. ओळखीचं घर उघडावं आणि आत कोणी नसावं तसं.

"सांग ना गा केवलराम," भाऊ म्हणाले. नाव अचूक आलं होतं. "का नाव ठेवलं त्याचं?"

केवलराम उठला. रागावायलाही आता कोणी उरलं नव्हतं. तो खाटेपाशी खाली बसला, भाऊंच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं रडू लागला. भाऊ घाबरले. त्यांनी रुख्माबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "हा काऊन रडून राहिला? का झालं याले?"