हलू नका

“हनुवटी वर. अजून थोडी. आता हलू नका!”

स्टुलावरचे गृहस्थ असे काही दचकले, की त्यांचा श्वाससुद्धा थांबला. फोटोवाल्याने कळ दाबली. पासपोर्टचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्याचा तो आवाज म्हणजे काय विचारता! रडणारी तान्ही पोरं त्या आवाजाने गप्प व्हायची, पोक काढून बसणारे ताठ व्हायचे. गल्लीने त्याचं नावच ‘हलूनका’ ठेवलं होतं. त्या आवाजाला दाद न देणारं एकच माणूस जगात होतं, आणि ते आत बसून फोटो कापत होतं.

“अहो, सूर्य काही तुमच्यासाठी थांबायचा नाही,” बायको आतून म्हणाली. “निघा आता. ह्यांचे फोटो मी देते.”

तो कॅमेरा आणि ट्रायपॉड उचलून धावत सुटला. वर्षातून एकदा, या दिवसांत, सूर्य शहराच्या मोठ्या रस्त्याच्या अगदी मधोमध मावळायचा. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि रस्त्याच्या टोकाला तो, उंबऱ्यात येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. हा एक फोटो काढायचं वेड त्याला तरुणपणी लागलं होतं. पण नशीब दरवर्षी तोंडाला पानं पुसायचं. कधी ढग आडवे यायचे, कधी ऐन वेळी एखादी बस. ढग नसले, बस नसली, तरी माणसं दगा द्यायची. सूर्याने फोटो जळू नये म्हणून भिंगापुढे काळी काच लावावी लागे, मग कॅमेऱ्याची पापणी जरा जास्त वेळ उघडी राही, आणि तेवढ्यात चालणारी माणसं फोटोत धुरासारखी विरून जात. एवढं गजबजलेलं शहर, पण त्याच्या फोटोत नेहमी ओसाड.

आणि पुढच्या वर्षी ही संधीही नाही. रस्त्याच्या टोकाला उड्डाणपूल होणार होता. खांब येऊन पडले होते. आज साधलं तर साधलं, नाहीतर जन्मभराचं वेड पाण्यात.

पादचारी पुलावर त्याने ट्रायपॉड रोवला. आकाश लख्ख होतं. काळी काच लावली, कॅमेऱ्याला डोळा लावला. सगळं पुसट दिसत होतं. चष्मा दुकानातच राहिला होता!

“गाढव आहेस,” तो स्वतःलाच म्हणाला. परत जायला वेळ नव्हता. त्याने भिंगावरच्या आकड्यांवर बोट फिरवलं आणि हातांना जसं आठवलं तसं भिंग फिरवून ठेवलं.

खाली सूर्य रस्त्याला टेकला. ट्रॅफिकवाल्याने हात वर करून गाड्या अडवल्या, आणि चौकात माणसांचा लोंढा घुसला. पिशव्या, छत्र्या, फुगेवाला, कुणाच्या खांद्यावर पोर. एकही जण थांबेना. पुन्हा तेच, पुन्हा सगळ्यांचा धूर होणार. बोट कळीवर होतं, आणि कळ दाबताना आयुष्यभराच्या सवयीने तो जिवाच्या आकांताने ओरडला,

“हनुवटी वर! हलू नका!”

आणि चौक थांबला.

माणसांनी पावलं जिथल्या तिथे रोवली आणि माना वर करून पुलाकडे पाहिलं. ट्रॅफिकवाला हात वर तसाच ठेवून उभा राहिला. नेमका त्याच क्षणी पुलामागच्या काचेच्या इमारतीने मावळतीचा उजेड परत फेकला, आणि सगळे चेहरे उजळून निघाले. कॅमेऱ्याची पापणी उघडली, मिटली. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी हासडली, आणि शहर पुढे निघालं.

फोटो आलाय की नाही, हे त्याला दिसतच नव्हतं. एवढ्यात जिन्यावरून धापा टाकत बायको आली आणि तिने चष्मा त्याच्या नाकावर अक्षरशः आदळला.

“शहरभर ओरडता येतं, चष्मा तेवढा लक्षात राहत नाही!”

त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. सूर्य मधोमध होता. माणसं होती. एकूणएक चेहरा स्वच्छ, हनुवट्या वर, सगळं शहर जणू त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसलेलं. हातांनी दगा दिला नव्हता. त्याने बायकोचा हात घट्ट धरला, आणि भर पुलावर, लोकांसमोर, तो हसता हसता रडला.

“ते सगळं ठीक,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण मधेच हे भूत कोण?”

चौकाच्या बरोबर मध्ये, गोठलेल्या गर्दीत एकच आकृती धूसर होती. तिचा एक हात वर होता आणि हातात काहीतरी चमकत होतं.

“चष्म्याचं घर आहे ते,” तो म्हणाला. “जन्मात एकदा तरी ऐकायचं होतंस माझं!”

आता तो फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत आहे, भिंतभर मोठा. चौकातले लोक येऊन स्वतःला शोधतात. ट्रॅफिकवाला तर घरच्यांना घेऊन आला होता. उड्डाणपूल झाला, रस्त्याचं टोक झाकलं, पण दुकानात सूर्य रोज टेकलेला असतो. बायको सकाळी काच पुसते, आणि धूसर जागेशी येऊन दर वेळी कुरकुरते, “मला तेवढं खोडून टाका बाई.”

गिऱ्हाईकंही विचारतात, ही कोण?

“बाकीचे थांबलेत,” फोटोवाला सांगतो. “ही माझ्याकडे येतेय.”