काठाची पिशवी

अरे ऐका तर, मेघनाची आई आधी हातांपासून पारदर्शक झाली. मंगळवारच्या बाजारात पारूमावशीकडून कॅरीबॅगेत मेथी घेतली, आणि घरी येईपर्यंत तिच्या तळहातातून पलीकडची मेथी दिसायला लागली. गावात कुणाला नवल नाही वाटलं. कॅरीबॅग घेईल त्याचं व्हायचंच ते, दर खेपेला थोडं थोडं. बँकेतले रणदिवेकाका तर पंख्याच्या वाऱ्यानं खिडकीबाहेर गेले. बँकेनं त्यांची रजा मांडली.

मेघनाची मात्र पाचावर धारण बसली. तिला आईशिवाय होतं कोण? तिनं आईच्या सगळ्या सुती साड्या कापल्या, पंधरा दिवस मशीनवरून उठली नाही. दोनशे पिशव्या! बाजाराच्या तोंडाशी उभी राहून फुकट वाटल्या, लोकांच्या अक्षरशः पाया पडली. तासाभरात एक नाही उरली.

पुढच्या मंगळवारी बाजारात त्यातली एकही नाही. सगळ्यांच्या हातात कॅरीबॅगा.

"काकू, पिशवी कुठंय?" तिनं शेजारच्या सुलभाकाकूंना विचारलं.

"कपाटात. एवढी सुबक काठाची, तिच्यात काय बटाटे भरू? लग्नाकार्यात नेईन की."

काकूंच्या चेहऱ्यातून मागची कोबीची गाडी दिसत होती.

मेघना घरी पळाली. आई गळ्यापर्यंत गेली होती.

"आई, तुझी पिशवी?"

"ठेवलीय जपून. माझी अंजिरी साडी गं ती. मळली असती."

"कशात ठेवलीस?"

आईनं खाली बघितलं. "कॅरीबॅगेत."

एवढं बोलली आणि चुरचुरत दुमडली. मेघनानं पदर धरला, तो हातातून सटकला. वाऱ्यानं आईला दारातून उचललं, पत्र्यांवरून नेलं, ती थेट पारूमावशीच्या खिळ्याला, लटकलेल्या बाकीच्या कॅरीबॅगांत अडकली. मेघना धापा टाकत पोचली, तर समोर गिऱ्हाईक उभं.

"मावशी, ती नको! ती माझी आई आहे!"

"अगं, सगळ्या कुणाच्या तरी आयाच आहेत," पारूमावशी म्हणाली. "पावकिलो ना हो, वांगी?"

तिनं अंगठा जिभेला लावला, आईला बाकीच्यांतून सुटं केलं, ओठांशी धरून फुंकर मारली. आईचं तोंड उघडलं. पहिलं वांगं आत पडलं.