लोणच्याच्या बरणीवरचा समुद्र

ओळखलंत मला? लोणच्याच्या बरणीवर बसतो ना, तोच दगड मी. गोदूबाई लग्न होऊन संडूरहून बेंगळुरूला आल्या, तेव्हा माहेरच्या डोंगरातला मी त्यांच्या ट्रंकेत होतो. दोन मुठींएवढाच, पण लोखंडासारखा जड. लिंबाच्या फोडी दाबायला असाच लागतो. पुढे त्यांच्या सुनेनं, वसुमतीनं, मला सांभाळलं. आयुधपूजेला कोयत्या-विळ्यांबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं.

पण माझा जन्म समुद्रातला, सुमारे पावणेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. पाण्यात लोह विरघळलेलं होतं. मग डोळ्यांना न दिसणारे जीव उन्हावर जगू लागले आणि प्राणवायू सोडू लागले. त्यानं लोह गंजलं, तळाशी बसलं. थरावर थर साचले आणि मी झालो. पाण्यातलं लोह सरत आलं, तेव्हा कुठे प्राणवायू हवेत साठू लागला. मोठ्या जीवांना वाट मिळाली ती त्यानंतर. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

घरात मला ओळखलं ते संहितानं. ही वसुमतीची पुतणी, परदेशात भूशास्त्र शिकून आलेली, आता हेब्बाळच्या शाळेत शिकवते.

"काकू, उद्या मुलांना हा दाखवायचाय. तेलानं काळा झालाय, पट्टे दिसत नाहीत. मशीनवर कापून आणते."

"सासूबाईंचा दगड कापतेस? आणि लिंबं काय तुझ्या डिग्रीखाली दाबू?"

"नुसतं पुस्तकातलं चित्र दाखवायला मी परत आले नाही गं!" संहिता म्हणाली.

इतकी युगं सोसून मी आता पात्याखाली जाणार होतो.

"स्वल्प थांब," वसुमती म्हणाली. तिनं मला शिकेकाईनं खसाखसा घासलं, नळाखाली धरलं. ओल्या अंगावर लाल, काळे, राखाडी पट्टे उजळले.

"दरवर्षी धुताना दिसतात. इरकली लुगड्याचा काठच जणू! एवढी शिकलीस, कधी ओला करून बघितलास?"

संहिता लाजून हसली.

दुसऱ्या दिवशी वसुमती स्वतः मला आणि पाण्याचा तांब्या घेऊन वर्गात आली. मला कुणी कापेल, ही तिला धास्ती होतीच. मी हातोहात फिरलो. एका मुलीनं विचारलं, "अज्जी, या एका पट्ट्यात किती वर्षं?" वसुमतीनं मला संहिताच्या हातात ठेवलं. "हे तूच सांग," ती हळूच म्हणाली. "सरी, ठीक आहे. हा इथेच राहू दे. लिंबांना दुसरा बघते."

आता मी शाळेच्या खिडकीत असतो. या, मला ओला करा, उचलून बघा. आणि मग एक मोठा श्वास घ्या. त्या श्वासासाठी आम्ही अख्खा समुद्र गंजवलाय.