जास्त धुतलेली काचपट्टी

आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे: घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. मी तो मोडला. पाठीच्या कण्यातून काढलेलं ते पाणी तापाने वॉर्डात दाखल झालेल्या माझ्या ताईचं होतं, आणि माझा सहकारी पहिल्या नंबरचा धसमुसळा.

"तू बाहेर बस, मी करतो," तो म्हणाला.

"तुझ्यावर सोपवू? आधी स्वतःचं टेबल पूस," मी म्हटलं. तो हसून बाजूला झाला.

पट्टीवर थेंब पसरला, वाळवला, आचेवर धरला. जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिट. खरी मेख स्पिरिटात असते. काही जंतू जांभळा रंग सोडत नाहीत. काहींचा धुऊन जातो आणि ते नंतरच्या गुलाबी रंगात रंगतात. औषध त्यावरच ठरतं. स्पिरिट दोन-चार सेकंदच सोडायचं, हे मी वीस वर्षं नव्यांना शिकवतेय. पण ताईची पट्टी मला अगदी निर्मळ हवी होती. मी ओतत राहिले.

भिंगाखाली आखूड काड्यांसारखे जंतू दिसले, गुलाबी. मी तसं वॉर्डात कळवलं आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध सुरू केलं.

ताप हटेना. दुसऱ्या दिवशी ताईने मला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, त्याच पाण्यातून काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंची नवी पट्टी धसमुसळ्याने रंगवली आणि मला हाक मारली. काड्या जांभळ्या होत्या.

"तुझी पट्टी जास्त धुतली गेली," तो हळूच म्हणाला. एरवी त्याने आठवडाभर माझी खेचली असती.

हे जंतू अन्नातून पोटात जातात, तिथून रक्तात, आणि आपल्याच पेशींत लपून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. चालू औषध त्यांना लागूच पडत नव्हतं. दोन दिवस त्यांना मोकळं रान मिळालं होतं, ते मी दिलं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि सांगितलं, आता फार आशा ठेवू नका.

दाजी वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी टेकले. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच आले होते.

"भान जाण्याआधीचं तिचं शेवटचं बोलणं कळलं का तुला?" ते म्हणाले. "म्हणाली, तपासणी धाकटीच्या हातात आहे, आता घाबरायचं नाही. तूच केलीस ना?"

"हो," मी म्हटलं. बाकीचं न सांगताच बाकावरून उठले.