घरी फिरते, पाण्यात थांबते

मी एक मोटार बोलतेय. रस्त्यावर भोंगा वाजवत धावते ती नव्हे, तिचा थाट वेगळा. मी मासेमारीच्या होडीला मागून अडकवलेली, बॅटरीवर चालणारी छोटी मोटार. वर एक दांडा, त्यावर वेगाची कळ, मधे लांब नळी आणि खाली पाण्यात तीन पात्यांचा पंखा, एवढाच माझा पसारा. खरं तर माझ्यासारखीनं गप्प बसावं. पण माझ्यामुळे एका बाईवर आळ आला आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून बोलावं लागतंय.

कारखान्यात मला पहिल्यांदा पाण्याच्या मोठ्या हौदात सोडलं, तेव्हा मी पाचही वेगांवर न अडखळता फिरले होते. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या अंगावर शिक्का मारला आणि पुढच्या मोटारीला हात घातला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. पुढे दुकानाच्या काचेआड उभी असतानाही मी तो लोकांना दिसेल अशा बेतानं उभी आहे, असं मला वाटायचं. आता तो शिक्का पुसट झालाय, हे बरंच झालं.

मला घरी आणलं एका मुलानं, आपल्या वडिलांसाठी. मुलगा दूर कारखान्यात नोकरीला, सुटीत येणार आणि जाणार. वडिलांचा जन्म तलावावर गेलेला. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही तेच म्हणते. वल्ही मारून मारून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आता वल्हं धरलंत तर हात वर होणार नाही. मी आले आणि वल्ही माळ्यावर गेली. तेव्हा मला कोण आनंद झाला होता! एक वल्हं तरी होडीत राहू द्या, असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

होडीत बाबांच्या सोबतीला असायची त्यांची सून. तिला सगळे सूनबाईच म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं म्हणे. किनाऱ्यावर बसून मासे निवडायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. एकदा बाबांबरोबरचा माणूस आला नाही म्हणून ती होडीत बसली आणि मग उतरायचं नावच घेईना. दोन वर्षांत ती असं गोल जाळं फेकायला लागली, की बाजूच्या होडीतले लोक हातातलं काम थांबवून बघत. बाबा तोंडावर कौतुक करणारे नव्हेत. पण तिनं जाळं फेकलं की ते दुसरीकडे बघत हसायचे, ते मी पाहिलंय.

बॅटरी भरायचं काम तिचं. परतल्यावर बॅटरी ढकलगाडीवरून घरी न्यायची, चार्जरला लावायची, सकाळी हिरवा दिवा बघून परत आणायची. हे काम तिनं एक दिवसही चुकवलं नाही, हे मी शपथेवर सांगते. बॅटरी रोज पोटभर भरून यायची. ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

आता गाठीचं सांगते.

सुरुवातीला बॅटरी माझ्या शेजारीच असायची. बाबा मागे, मी मागे, बॅटरीही मागे, त्यामुळे होडीचं नाक आभाळाकडे. बाबांनी बॅटरी पुढे हलवायची ठरवली, पण माझी वायर तिथवर पुरेना. बॅटरीच्या दुकानदारानं वाढीव वायर दिली आणि म्हणाला, मोटार घेऊन या, तांब्याची नळी घालून पकडीनं दाबून जोड पक्का करून देतो. बाबांना ते लागलं. जाळं विणणारा माणूस! अख्ख्या धक्क्यावर कुणाची गाठ सुटली, कुणाचा दोर तुटला, की लोक त्यांच्याकडे यायचे. ते म्हणाले, गाठ मारायला मला दुसऱ्यानं शिकवायला नको.

घरी येऊन त्यांनी वायरींची टोकं सोलली आणि तांब्याच्या तारांना जाळ्याची गाठ मारली. ओढून बघितली. वरून जाळ्याचा दोरा गुंडाळला, मेण फासलं. इतकी सुबक गाठ, की बघणाऱ्यानं हात फिरवावा. त्या गाठीला बैल बांधला असता तरी ती सुटली नसती. पण वीज काही ओढून बघत नाही. तिला तांब्याला तांबं घट्ट भिडलेलं लागतं, आणि आत तारा एकमेकींना जेमतेम शिवत होत्या.

चार-पाच आठवडे निभावलं. मग गाठीत ओल शिरली, तांब्यावर हिरवा गंज चढला आणि माझे हाल सुरू झाले. पहिल्या-दुसऱ्या वेगावर मी गुणानं वागायचे. समोरून वारा आला आणि बाबांनी कळ चौथ्यावर नेली, की गाठ तापायची आणि मला वीज मिळेनाशी व्हायची. मी धापा टाकत थांबायचे. पाच-दहा मिनिटांनी गाठ निवली की पुन्हा सुरू. कुठं दुखतंय ते मला कळत होतं, पण घुरघुरण्यापलीकडे मला काही येत नाही.

बाबा मला वायरीसकट घरी न्यायचे. न्हाणीघरात पाण्याचं पिंप भरायचे आणि मला त्यात सोडायचे. तिथे मी झकास फिरायचे. दुसऱ्यापुढे वेग नेला की पाणी उसळून भिंतीवर जायचं, म्हणून त्यापुढे कुणी कळ फिरवायचंच नाही. दुसऱ्या वेगावर गाठ कशाला तापतेय! डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरावा, तशी गत. मला वाटायचं, एकदा तरी इथे बंद पडावं, म्हणजे माझी परीक्षा होईल. पण नाही. बाबांचं तोंड उतरायचं आणि मी आपली गरागरा फिरतेय. ते खोटे पडायचे ते माझ्यापायी.

शेवटी त्यांनी मला पंखेवाल्याकडे नेलं. हा पंखे आणि पंप दुरुस्त करणारा माणूस, हात चांगला होता त्याचा. त्यानं माझ्या पंख्यामागे गुंडाळलेली मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, कापून काढली, आतले कार्बन बघितले, मला झटकून पुसून जोडलं. गाठ त्यानं पाहिली. बोटानं दाबून म्हणालासुद्धा, काय सुरेख बांधलंय. मग त्यानंही मला पिंपात दुसऱ्या वेगावर फिरवलं आणि निकाल दिला, की मोटारीत दोष नाही, बॅटरी नीट भरत नसेल.

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी ठरली.

सूनबाईनं सांगितलं की हिरवा दिवा लागल्याशिवाय ती बॅटरी काढत नाही. बाबा म्हणाले, दिव्याचं काय, दिवा काहीही दाखवतो. पण दुसऱ्या दिवसापासून ती बॅटरी आणण्याआधी बाबांना हाक मारून दिवा दाखवायला लागली. त्यांनी तोही बघितला न बघितल्यासारखा केला.

मग तो दिवस उजाडला. जाळी भरली होती, होडी जड होती. तलावाच्या मध्यावर वारा उठला, बाबांनी कळ पाचव्यावर नेली आणि मी थांबले. होडी वाहत वाहत दुसऱ्यांच्या लावलेल्या जाळ्यांत घुसली. वल्ही माळ्यावर! सूनबाईनं होडीच्या तळावर अंथरलेली एक फळी उचकटली आणि त्या फळीनंच पाणी मारत बसली. तिच्या तळहातांची सालं निघाली. बाबांनीही दुखऱ्या खांद्यानं फळी धरायचा प्रयत्न केला आणि कळवळून सोडली. अखेर दुसऱ्या एका होडीनं आम्हाला दोर लावून ओढत किनाऱ्यावर आणलं. धक्क्यावर माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "काय बाबा, वरात काढली वाटतं!"

लोक हसले. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सूनबाईकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक काम सांगितलंय हिला घरात. तेवढंही धड होत नाही."

ती होडीतून उतरत होती. सोललेले हात तिनं पदरात घेतले आणि खाली मान घालून चालू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तेव्हा जर फिरू लागले असते ना, त्या धक्क्याच्या दगडावर पंखा आपटून घेतला असता.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई होडीत नव्हती. तिच्या जागी बाबांचे साडू आले. बॅटरीही आता साडूंच्या घरी भरायची ठरली. पहिले तीन दिवस वारा पडलेला होता, कळ दुसऱ्यापुढे न्यावीच लागली नाही, म्हणून मी थांबले नाही. सूनबाई पुन्हा किनाऱ्यावर मासे निवडायला बसली. होडी निघाली की ती मान वर करून बघायची आणि आम्ही लांब जाईपर्यंत तिचे हात थांबलेले असायचे.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा घरी आडवे झालेले असताना ती एकटीच धक्क्यावर आली. बॅटरी साडूंकडे जायची अजून होडीतच होती. तिनं होडी दोन दोरांनी खांबाला करकचून बांधली, मला पाण्यात सोडलं आणि कळ थेट पाचव्यावर नेली. मी पाणी ढकलतेय, दोर ताणलेत, होडी जागची हलत नाही. इतक्या जणांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं होतं. पिंपात मला जोर लागत नव्हता, इथे लागत होता. मग तिनं बॅटरीपासून वायरीवरून हात फिरवत आणायला सुरुवात केली. बॅटरीचे चिमटे गार. वायर गार. आणखी पुढे, तरी गार. गाठीपाशी आली आणि तिचं बोट भाजलं. त्याच वेळी मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर थांबले असेन.

ती बोट तोंडात धरून गाठीकडे बघत राहिली. मग तिनं ती सोडवायचा प्रयत्न केला, पण बाबांची गाठ ती, सुटणार कशी? चाकूनं कापली. आतून हिरवं तांबं निघालं. बॅटरीच्या दुकानातून ती तांब्याची नळी आणि पकड घेऊन आली, नवा जोड दाबून बसवला, वर रबर चढवलं. काम तिथेच संपलं होतं. पण तिनं जाळ्याचा दोरा घेतला, बाबांसारखाच गुंडाळला आणि वर मेण फासलं.

"राहू दे," ती स्वतःशीच म्हणाली. "त्यांच्या गाठीला कुणी नावं ठेवायला नकोत."

मोटार चालू लागली की बाबा आपणहून बोलावतील, असा तिचा हिशेब असावा. माझाही तोच होता. दोघींचाही साफ चुकला.

मी चालायला लागले. वाऱ्यात, भरल्या होडीत, साडूंच्या वजनासकट. आणि मी जितकी बरी चालले तितकी सूनबाई खोटी ठरत गेली. साडू धक्क्यावर सांगायचे, चार्जिंगलासुद्धा जाणता हात लागतो. बाबा मान डोलवायचे. चार लोक म्हणायचे, बघा, ती होती तोवर रोज बंद, आता एकदा तरी थांबली का? माझी प्रत्येक सुरळीत फेरी तिच्याविरुद्धची साक्ष झाली. आता बंद पडावं असं मला मनापासून वाटायचं, आणि नेमकी आता मी बंद पडेना. नको तेव्हा थांबले, हवं तेव्हा थांबता आलं नाही.

महिनाभरानं बाबा तळाची फळी उचलून साचलेलं पाणी उपसत होते. वायर हाताला लागली. त्यांचं बोट दोऱ्यावरून गेलं आणि अडखळलं. ते दोऱ्याचं टोक नेहमी उजवीकडून आत खोचतात. हे डावीकडून खोचलेलं होतं. त्यांनी नखानं दोरा उकलला, रबर मागे सारलं. नळी दिसली. साडूंनी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, काही नाही. पण त्या दिवशी त्यांनी दोनदा होडी चुकीच्या बाजूला वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साडूंना येऊ नका म्हणून सांगितलं आणि मासे निवडणाऱ्या बायकांपाशी जाऊन उभे राहिले. "सूनबाई, जाळं घे," एवढंच म्हणाले. ती उठली, हात धुतले आणि होडीत येऊन बसली.

होडी तलावाच्या मध्यावर आली. तिथे बाबांनी मला बंद केलं. आता आजूबाजूला एकही होडी नव्हती.

"गाठ माझी होती," ते म्हणाले.

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती जाळं सारखं करत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही विचारलं नव्हतं, बाबा. तुम्ही ठरवलं होतं."

बाबांनी डोळे पुसले आणि मला सुरू केलं. तिनं जाळं फेकलं, अगदी गोल पडलं. मला वाटलं, सुटले एकदाची. आता किनाऱ्यावर गेलो की ते सगळ्यांना सांगतील.

धक्क्यावर तीच माणसं होती. त्यातला एक हसत म्हणाला, "काय बाबा, सूनबाई शिकल्या वाटतं बॅटरी भरायला?"

बाबांनी तोंड उघडलं. मी पंख्याची शेवटची गिरकी घेत होते, तीसुद्धा थांबवून ऐकू लागले. सूनबाई टोपली उचलता उचलता थांबली होती.

"हं," बाबा म्हणाले आणि दोर बांधायला वाकले.

तिनं टोपली उचलली आणि गेली. त्याला आता बरेच दिवस झाले. ती रोज होडीत येते, मी रोज नीट चालते, आणि धक्क्यावर अजूनही सगळे तेच समजून आहेत. बाबा वाईट नाहीत हो. कधीकधी धक्का जवळ आला की ते घसा खाकरतात, आणि मग वाऱ्याविषयी बोलतात. त्यांची लाज त्यांना बोलू देत नाही आणि माझी लाज मला गप्प बसू देत नाही.

म्हणून तुम्हाला सांगितलं. तिला दोष दिला तो चारचौघांत, आणि ती निर्दोष आहे हे बोललं गेलं भर तलावात, जिथे ऐकायला मी एकटी होते. निदान चार माणसांनी तरी ते ऐकायला हवं होतं. आता तुम्ही ऐकलंत.