कुठं लागलं?

मुलींच्या फुटबॉल क्लबात मला एकच प्रश्न विचारायचा होता: "या महिन्यात कुठं लागलं का?" खेळताना होणाऱ्या इजा टाळता येतात का, यावर आमच्या प्राध्यापकबाईंचं संशोधन चाललं होतं आणि मी त्यांची सहायक. 'दुखापत' हा शब्द मुलींना फार सरकारी वाटेल म्हणून बऱ्याच वादावादीनंतर आम्ही 'लागलं' पक्कं केलं होतं.

"आमच्याकडे कुणाला लागत नाही," प्रशिक्षक सरांनी दारातच सांगून टाकलं. गळ्यात शिट्टी, हातात बर्फाची पिशवी. "आणि लागलंच तर हा आहे."

मुलींनी मात्र माझी फिरकी घेतली.

"ताई, मला भूक लागलीय."

"हिला तर वेड लागलंय!"

"संघात माझा नंबर लागला नाही, ते धरता का?"

शेवटी गोलकीपर आली. आठवडाभर ती सरावाला फिरकली नव्हती. आजही हातमोजे परत करायलाच आली होती.

"लागलं," ती म्हणाली.

"कुठं?"

तिनं छातीवर हात ठेवला. मी सावध झाले. "बरगडीला? श्वास घेताना दुखतं?"

"नाही. सर दिसले की दुखतं."

"चेंडू लागला का?"

"शब्द लागला, ताई. मागच्या सामन्यात मी पाच गोल खाल्ले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, 'ही गोलकीपर आहे की गाळणी?' आता वर्गातही गाळणीच. घरी चहा गाळताना धाकटा भाऊ माझ्याकडे बघून खिदळतो. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मी सोडतेय."

नाव न सांगता मी बाईंना फोन केला.

"शरीराचा भाग कोणता?" बाई म्हणाल्या.

"मन."

"मन हा शरीराचा भाग नाही गं!"

"पण व्याख्या तुमचीच आहे ना, बाई? खेळाच्या ठिकाणी झालेली, निदान एक सराव बुडवणारी इजा. इथं आठवडा बुडालाय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "धर. आणि तिला एकटीला सोडू नकोस."

आम्ही इजा धरली म्हणून तिचं दुखणं थोडंच थांबणार होतं! "सरांशी मी बोलू का?" मी तिला विचारलं.

"नको. नुसत्या शेजारी उभ्या राहा."

सर मैदानाच्या कडेला होते.

"सर, मला लागलंय."

सर धावतच आले. "खाली बस! पाय वर घे! कुठं लागलं?"

"तुम्ही गाळणी म्हणालात ना, ते."

सर जागच्या जागी थबकले. पिशवीतलं पाणी त्यांच्या बुटावर ठिबकू लागलं. "अगं, ते मी गमतीत..."

"गमतीतच लागलं."

"बरं, चुकलं माझं," सर बर्फाकडे बघत पुटपुटले.

"मोठ्यानं, सर. गाळणी मोठ्यानं म्हणाला होतात."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना गोळा केलं आणि रस्त्यावरचा सायकलवाला वळून बघेल अशा आवाजात ओरडले, "हिला गाळणी म्हणालो, ते चुकलं माझं! यापुढं कुणी म्हणायचं नाही!"

तिनं हातमोजे चढवले आणि गोलपोस्टमध्ये जाऊन उभी राहिली.

पहिलाच चेंडू तिच्या पायांमधून आत गेला. चेंडूकडे कुणी पाहिलंच नाही. सगळ्याजणी सरांच्या तोंडाकडे बघत होत्या. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"पुढचा!" गोलपोस्टमधून तीच ओरडली.