आधी स्वागत, मग खोल्या

पाहुणा आला की दादा दारातच त्याच्या हातातली बॅग काढून घ्यायचा आणि विचारायचा, "या, प्रवास कसा झाला?" बाकीचं सगळं नंतर. माझ्या या थोरल्या भावाने आमचं छोटं लॉज असंच नावारूपाला आणलं. म्हणून वेबसाइट करायची ठरली तेव्हाही त्याची एकच अट होती: आधी स्वागत, मग खोल्या. वेबसाइट उघडली की दादाचा हसरा फोटो आणि खाली तेच वाक्य. कोपऱ्यातली फुली दाबली की दादा बाजूला होणार आणि खोल्या दिसणार. ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ते झकास दिसायचं.

"मोबाइलवरही एकदा बघून घेऊ या," वेबसाइटवाला म्हणाला होता.

"मोबाइलवर कोण खोली ठरवतं? माणूस टेबलाशी बसून नीट ठरवतो." दादाने म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

या सुट्ट्यांत लॉज भरलं नाही, तर ते शेजारच्या हॉटेलवाल्याला विकायचं ठरलं होतं. ते भरलं नाही. वेबसाइटवाला सांगायचा, लोक येतात, बघतात, निघून जातात. आम्हाला वाटलं, खोल्या आवडत नसतील. दादाने भिंती रंगवून घेतल्या. मी पडदे बदलले, चादरी बदलल्या, मग चिडून पुन्हा पडदे बदलले. लोक निघून जातच राहिले.

आज संध्याकाळी सह्या. दुपारी दारात एक बाई उभी राहिली आणि दादा सवयीने धावला.

"मला शेजारच्या हॉटेलात जायचंय," ती म्हणाली. मग त्याच्याकडे निरखून बघत तिने फोन काढला. "हे तुम्हीच ना? मला खरं तर इथेच राहायचं होतं. पण तुम्ही काही केल्या हलेनात."

फोनच्या पडद्यावर दादा कानापासून कानापर्यंत हसत होता. फुली पडद्याच्या पार बाहेर गेली होती. खोल्या, दर, फोन नंबर, सगळं त्याच्या मागे.

दादाने फोन हातात घेतला. अंगठ्याने स्वतःला डावीकडे ढकललं, वर ढकललं, दोन बोटांनी लहान करून पाहिलं. दादा हसतच राहिला.

"बारके, तू बघ गं," तो मला म्हणाला. मीही पाहिलं.

"खोलीचे पैसे तिकडे भरलेत हो," बाई ओशाळून म्हणाली. "नाहीतर..."

"असू दे," दादा म्हणाला. त्याने वाकून तिची बॅग उचलली आणि शेजारच्या फाटकाकडे चालू लागला.

"या," तो मागे न बघता म्हणाला. "प्रवास कसा झाला?"